हंय, थंय, थंय, हंय

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आता टोपीपासून सुरुवात करावी लागते. काळी टोपी, तिच्या कडेला घामाची पांढरी रेघ, मग कपाळ, मग दोऱ्याने बांधलेली चष्म्याची दांडी. रडगाणं गायला बसलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हाही मी फारशी रडले नव्हते, घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि भात शिजायचा होता. एकच गोष्ट सांगायची आहे. काकांनी तुम्हाला भर गणेशचवतीच्या दिवशी लबाड म्हटलं, आणि त्या एका शब्दापायी दोन घरं तुटली. तुम्ही लबाड नव्हता. हे मला तोंडाने म्हणता येत होतं, पण कोणी 'कशावरून' विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. उशीर झाला, पण तुमच्या कचेरीत कुठलं काम वेळेवर होत होतं?

झालं असं की माझी नात, मोठ्या मुलाची मुलगी, गणपतीला आली होती. मुंबईला गणित शिकते. किती शिकते ते मला कळत नाही, पण अजून संपलेलं नाही एवढं खरं. ती स्टुलावर उभी राहून गणपतीच्या डोक्यावरची माटवी, फळाफुलांची चौकट, बांधत होती आणि मी खालून एकेक कवंडळ, एकेक सुपारीचा घड तिच्या हातात देत होते. माझं तोंड आपलं आपलं चाललं होतं. ती सवय तुम्हीच लावलेली. भाकरी थापताना, रेशनच्या रांगेत, पायाला तेल चोळताना मी पुटपुटत असते: हंय थंय थंय हंय, थंय हंय हंय थंय. घरच्यांना वाटतं म्हातारी नामस्मरण करते. मीही कधी खोडून काढलं नाही. ही पोरगी मात्र स्टुलावरून खाली उतरली. "आजी, परत म्हण. पुढचं येतं तुला?" मी म्हटलं, थांबवशील तिथपर्यंत येतं. ती बोटं मोजत ऐकत राहिली आणि तिचे डोळे मोठे झाले. "हे तुला कोणी शिकवलं?" "माझ्या बापाशीन." "ते गणिताचे मास्तर होते?" "खंयचे मास्तर? कचेरीभायर झाडाखाली बसान लोकांचे अर्ज लिवी." मग ती मला सांगू लागली की ह्याला त्यांच्यात 'शब्द' म्हणतात. अर्थ नसलेला शब्द, नुसती अक्षरांची ओळ, कधी संपणारी, कधी न संपणारी. मी म्हटलं, अर्थ नसलेलं आणि न संपणारं मी तुझ्या आजोबांच्या तोंडून पुष्कळ ऐकलंय, त्यासाठी मुंबईला कशाला जायला हवं?

पण आबा, मी हसले तरी हात थांबले होते. कारण तुमची ती ओळ बाहेरच्या कोणाला ओळखीची आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची ही गोष्ट. तुमची आणि काकांची वाटणी झाली होती. काका थोरले, मचव्यावर आयुष्य काढून घरी बसलेले. तुम्ही धाकटे, सातवी पास, हातात लेखणी. माड वाटले, भांडी वाटली, मधोमध चिऱ्यांचा गडगा घातला आणि जाण्यायेण्यापुरती त्यात एक फट ठेवली. वाटता आली नाही ती एक आये, तुमची आई. तिची पाळी ठरली: एक महिना आमच्याकडे, एक महिना काकांकडे. आणि गणपती दोन करायचे नाहीत, एकच आणायचा, आणि आये ज्या घरात असेल त्या घरात तो बसणार, असं तिनेच सांगितलं होतं. आयेबरोबर मान आला, आत्या आल्या, भजन आलं, सगळा वाडा आला. महिन्याआड महिना म्हणजे सरळ हिशोब, लहान पोरालाही कळेल असा. पण वर्षाचे महिने बारा. एकदा चवत काकांकडे आली की पुढच्या वर्षीही काकांकडेच. दोन वर्षं तशी आली, आणि तुम्ही जेवता जेवता बोटांवर महिने मोजायला लागलात.

तुमच्या काळजीचं कारण मला तेव्हाही कळत होतं, कारण तुम्ही घरी दुसरं काही बोलतच नव्हता. दिवसभर त्या झाडाखाली तुमच्यासमोर भाऊ-भाऊच बसायचे. एकाने दुसऱ्याच्या माडांच्या भाटातून गुरं नेली. पहिल्यांदा कोणी बोललं नाही. दुसऱ्यांदा शेजारी म्हणून सोडलं. तिसऱ्यांदा नेली आणि तो म्हणाला ही माझी वहिवाट, मग निघाले दोघे कोर्टात, आणि त्यांची नातवंडं अजून तारखांना जातात. तिसऱ्यांदा ह्या गोष्टीचं तुम्ही भूत करून ठेवलं होतं. आई म्हणायची, ह्यांना तिसरी भाकरी वाढताना पण भीती वाटते. पण तुम्ही मनावर घेतलं: पाळी अशी बांधायची की तीत काहीच लागोपाठ तीनदा येणार नाही. नुसता एक महिना नाही. दोन महिन्यांचा तुकडा, पाच महिन्यांचा तुकडा, कितीही मोठा घ्या, तो तीनदा एकापुढे एक येता कामा नये. म्हणजे कोणीच कधी म्हणू शकणार नाही की हे असंच चालत आलंय.

कचेरीला सुट्टी लागली होती. मला तिसरीतून काढून घरात बसवलेलं, धाकट्यांना सांभाळायला. मी तुम्हाला आत्ताही बघते आहे. घरापुढच्या खळ्यात मांडी घालून बसला आहात, सदरा खुंटीला, समोर सुपाऱ्यांचा ढीग आणि काजूच्या बियांचा ढीग. सुपारी म्हणजे हंय, इथे, आमचं घर. बी म्हणजे थंय, तिथे, काकांचं. ओळ मांडता, मागे सरकून बघता आणि मला हाक मारता. "चेडवा, ये गो. हेच्यात खंय एकच तुकडो लागोपाठ तीनदा येता काय बघ." मी धाकट्याला कडेवर घेऊन वाकून बघते. आबोलीच्या वेण्या करून करून माझ्या डोळ्याला ती खोड लागलेली, सारखं कुठे आलं ते चटकन दिसायचं. "ह्या बघा आबा, ह्या दोघांचा तीनदा झालां." तुम्ही 'च्च' करून सगळं मोडता. असे किती दिवस गेले कोण जाणे. एकदा कंटाळून मी ओळीतल्या चार बिया उचलून चुलीत भाजल्या आणि खाल्ल्या. तुम्ही मारलं नाहीत. ओरडलात: "माझ्या आवशीचे चार म्हयने खाल्लंस गो तू!" आये पडवीत पान कुटत होती, ती म्हणाली, "खावंदे रे. तेवढेच कमी ढकलाढकलीचे."

आणि मग ते जुळलं. एक सुपारी. तिच्यापुढे तिचं उलटं, म्हणजे बी. आता दोघांच्या पुढे त्या दोघांचं उलटं: बी, सुपारी. आता चौघांच्या पुढे चौघांचं उलटं. दरवेळी जेवढं झालं तेवढ्या सगळ्याचं उलटं करून पुढे जोडायचं. मी वाकून वाकून बघितलं. दोनदा येत होतं, तीनदा कुठेच येत नव्हतं. ओळ खळ्याच्या कडेपर्यंत गेली, तिथून वळवली, तरी नाही. तुम्ही उठून उभे राहिलात, हात झटकलेत आणि मला म्हणालात, "ह्येका आता मराण नाय." माणसाला जे मिळत नाही ते तुम्ही सुपाऱ्यांना दिलंत ह्याचा तुम्हाला केवढा आनंद झाला होता! पुढच्या बाजाराच्या दिवशी माझ्यासाठी चपला आणल्यात. माझ्या पायातल्या पहिल्या. एक बोट मोठ्या होत्या. पाय वाढेल म्हणालात. पाय वाढला नाही, मी त्या चपला पट्ट्याखाली चिंधी कोंबून लग्नापर्यंत वापरल्या.

काकांना पटवायला तुम्ही मला पुढे केलंत. मी गडग्याच्या फटीत उभी राहून पाठ म्हटलं. काका विडी विझवून ऐकत होते. "आमच्याकडसून बघलां तर तुझांच घर थंय," ते म्हणाले. तुम्ही तेवढ्याचीच वाट बघत होता. "म्हणूनच सांगतंय दादा. थंयसून म्हण, अक्षरां उलटी होतली, पण बांधणी तीच. गडग्याच्या खंयच्याय बाजून उभो रव." काकांनी उलटं म्हणून बघितलं आणि मान हलवली. आये त्या दिवशी आमच्याकडे होती, ज्येष्ठ होता, म्हणून 'हंय'पासून सुरुवात झाली. अधिक महिना आला तर तो त्याच नावाच्या महिन्यात मोडायचा, वेगळी पाळी नाही, हेही ठरलं. ज्येष्ठ हंय, आषाढ थंय, श्रावण थंय, भाद्रपद हंय. चवत आमच्याकडे. काका म्हणाले, "बरां झालां. माझ्याकडे दोनदा झाली, तिसरी नको." चांगला माणूस होता तो, आबा. हे मी तुमच्या तोंडावर सांगते.

आता तुम्हाला जे माहीत नव्हतं ते. मला तुमच्या सुपाऱ्यांत गोडी नव्हती, थंयमध्ये होती. आयेचं बोचकं पोचवायचं काम माझं: वाकळ, पानाचा डबा, पितळेचा खलबत्ता. बोचकं ठेवलं की मी परत यायची नाही. काकीच्या स्वयंपाकघरात वर एकच काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा चौकोन पडायचा आणि दिवसभर चुलीकडून पाणेरीवरच्या हंड्यांकडे सरकायचा. काकीला एकच मुलगा, मुलगी नाही. ती मला त्या चौकोनात बसवून वेणी घालायची आणि सगळ्या गावाची मापं काढायची. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, ती तिथे परजली गेली. "तुझो बापूस सुपारे मांडता आणि माझो घोव विडये मोजता," ती म्हणायची, "आणि म्हातारी बोचक्यावांगडा फिरता. हुशार गो हुशार, दोघव." दोन महिने सलग थंय आलं की मला सण. तुमच्या ओळीवर माझं प्रेम होतं ते एवढ्यासाठीच.

दुसऱ्या वर्षी चवत आली आमच्याकडे. कोणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या वर्षी परत आमच्याकडे. त्या दिवशी काकी आमच्या माटवीखाली तोरण ओवत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "भावजी, गणपती आमच्या घराची वाट इसारलो काय ओ?" सगळे हसले. काका हसले नाहीत. ते खांबाला टेकून उभे होते. "तिसरां वर्स," ते म्हणाले. "तीनदा झालां की काय होता, तां तूच सांगतस मा सगळ्यांका?" तुम्ही चष्मा नीट केलात. "दादा, तू म्हयने मोज. खंय तीनदा इलां तर दाखव." आणि तुम्ही सुपाऱ्या आणायला मला धाडलंत. मी आणल्या. तुम्ही मांडायला लागलात. काका पुढे आले. "सुपारे नको दाखवू माका. चवती मोज."

आबा, तेवढं एकच तुम्ही कधी केलं नव्हतं. सगळे तुकडे तपासले होते, लहान-मोठे, पण दर बारावी सुपारी वेगळी काढून बघायचं तुमच्या मनात आलं नव्हतं. तुम्ही तिथेच सगळ्यांसमोर बारा बारा सोडून बोट ठेवत गेलात. हंय. हंय. हंय. मग पुढचं. दुसरा कोणी असता तर थांबला असता, काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. तुम्ही मान वर करून म्हणालात, "फुडल्या वर्साय हंयच येता." काका म्हणाले, "म्हणजे तुका ठाऊक होतां." "आत्ता मोजलंय दादा." "माझी दोन वर्सां झाली तेवाच तुका नवी पाळी सुचली, आणि तेच्यात सगळ्यो चवती तुझ्याकडे. लेखणी हातात आसली म्हणान भावाक फसवतस? लबाड!" तुम्ही म्हणालात पुढची चवत पाळी मोडून घे. ते म्हणाले, भीक नको. काकीने दातात दोरा धरला होता तो तसाच राहिला. आये तेवढी बोलली. "माका सुपारी केल्यात तुमी दोघांनी," ती म्हणाली, "आता कातरून खावा." विसर्जन झालं, आणि ती विजयदुर्गाच्या आत्याबरोबर तिच्या घरी निघून गेली. परत आली नाही. काकांनी स्वतःच्या हाताने गडग्यातल्या फटीत चिरे बसवले. मी आमच्या बाजूने बघत होते. चिऱ्यांवरून काकीचं फक्त डोकं दिसत होतं, मग तेही दिसेना.

तुम्ही ती ओळ पुन्हा तोंडात आणली नाहीत. मी पुटपुटायला लागले की खोलीतून उठून जायचात. गोवा मोकळा झाला, आणखी थोडी वर्षं गेली, तुम्ही गेलात. काका आले, चितेवर लाकूड ठेवलं आणि आमच्या खळ्यात पाणीसुद्धा न घेता गेले.

नातीला मी हे सगळं सांगितलं. तिने मोबाईल काढला आणि त्यावर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "आजी, दोघंही खरे होते." तिने मला सुपाऱ्या मांडूनच दाखवलं, नाहीतर मी कुठली ऐकते. तुमची ओळ पक्की आहे, तीनदा काहीच येत नाही, कितीही लांब न्या. पण तिच्यातून बारा बारा सोडून उचललं, आणि सुरुवात तुम्ही केलीत तिथून केली, की ती एका अंगाला झुकते. सात चवती एकामागून एक हंय. आठवी थंय. मग पुन्हा हंयची रांग. ती म्हणते कायम असंच, युगं लोटली तरी चवती हंयलाच जास्त. बारामध्ये तीन लपलेला आहे, तीन चोक बारा, त्याने हा घात केला. तुम्ही जन्मभर तिनाला टाळत होता आणि तो वर्षाच्या पोटात बसला होता. आणि आये त्या ज्येष्ठात काकांच्या पडवीत असती, तर हेच सगळं काकांच्या वाट्याला गेलं असतं आणि लबाड ते ठरले असते.

आणखी एक सांगितलं तिने. दोन अक्षरं असली की दोनदा येणं काही केल्या टळत नाही. हंय थंय हंय मांडलं की पुढे काहीही ठेवा, काहीतरी दोनदा होतंच. पण तिसरं अक्षर मिळालं तर असा न संपणारा शब्द होतो, ज्यात कुठलाच तुकडा लागोपाठ दोनदासुद्धा येत नाही. मी म्हटलं, तिसरा भाऊ कुठून आणायचा? ती म्हणाली, "तिसरं घर होतं ना, आजी. तुझ्या आत्याचं." आबा, मी हातातली सुपारी खाली ठेवली. तुम्ही एवढ्या सुपाऱ्या मांडल्यात, मी एवढी वाकून बघत होते, पण मुलीच्या घराला कोणी घर मोजलंच नाही. आयेने मोजलं, आणि न बोलता चालू लागली.

गणपती गेल्यावर मी माहेरच्या वाडीत गेले. काकांचा मुलगा अजून तिथे आहे, दात गेले आहेत, आवाज बापाचाच. मी त्यांच्या उंबऱ्यात उभी राहिले तेव्हा त्याने आधी ओळखलंच नाही. मग म्हणाला, "तू गो? वाट चुकलंस काय?" आणि आत नेलं, सरळ स्वयंपाकघरात, कारण पुढे टीव्हीसमोर मुलं होती. चूल गेली, गॅसची शेगडी आहे, भिंतीला पांढऱ्या फरश्या. काचेचं कौल आहे की नाही ते मी वर बघितलं नाही. त्याच्या बायकोने पाट दिला. मी सांगितलं, "तुझो बापूस बोललो तां खरां होतां. चवती आमच्याकडेच जास्त येतल्यो होत्यो, कायमच्यो." तो हातातला अडकित्ता खाली ठेवून ओरडला, "बघ! बघ! माझो बापूस खरो होतो! इतक्या वर्सांनी तेंच्या घरच्यांनीच कबूल केल्यानी!" बायकोला सांगितलं, टीव्हीसमोरच्या मुलांना सांगितलं, मागच्या दारी जाऊन गडग्यापलीकडे माझ्या भावाच्या सुनेलाही सांगून आला. आल्यावर इतका खुशीत होता की मला बहिणीसारखं 'बाय, बाय' म्हणायला लागला. जेवूनच जा म्हणाला.

उरलेलं अर्धं, की तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुम्ही कोणाला फसवलं नव्हतं, ते माझ्या जिभेवर होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात त्याच्या बायकोने विचारलं, केसांना कुठलं तेल लावता, ह्या वयातही एवढे दाट आहेत, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. मी तोंड मिटलं.

म्हणून ते अर्धं इथे लिहिलं. हे कागद मी कुठे पाठवणार आहे? पिठाच्या डब्याखाली राहतील, कोणाला सापडले तर सापडले. पण आबा, खरं सांगते. मी त्या घरात तुमचं नाव धुवायला गेलेच नव्हते. मला तिथे जरा वेळ बसायचं होतं.